छोटा पट्टा, मोठा आकडा: एका स्थूल मुलाच्या रक्तदाबाचे प्रकरण

पार्श्वभूमी

सोहम (नाव बदलले आहे, ओळख पटेल असे इतर तपशीलही) पुण्याच्या एका उपनगरात राहतो. इयत्ता आठवी, वय १३ वर्षे २ महिने. घरात आई, बाबा, आजी आणि ९ वर्षांची बहीण. बाबांना ३६व्या वर्षापासून रक्तदाबाची गोळी चालू आहे. आजोबा ५२व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले.

जन्म पूर्ण दिवसांचा, पण वजन २.३ किलो. पुढे आलेल्या बऱ्याच गोष्टींचे मूळ या आकड्यात आहे. जन्मतः लहानखुऱ्या भारतीय बाळाचे हातपाय काटकुळे दिसतात, स्नायू कमी असतात, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने शाबूत असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून जवळपासच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासामुळे ही गोष्ट जगभर माहीत झाली. अशा बाळाला ‘अंग धरत नाही’ म्हणून भरवून भरवून वाढवले, तर वाढते ती मुख्यतः चरबी. सोहमच्या बाबतीत वरचे दूध, तूप-भात, मग बिस्किटे अशी चढती भाजणी होती. साधारण पाच-सहा वर्षांपर्यंत मूल सडपातळ होत जाते आणि त्यानंतर बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) पुन्हा चढू लागतो. आरोग्यपत्रिकेतल्या नोंदींवरून सोहमचा हा चढ चौथ्या वर्षीच सुरू झालेला दिसतो. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तो आठ वर्षांचा होता. पुढच्या दोन वर्षांत वजन १५ किलोंनी वाढले. या वयात वर्षाला दोन ते तीन किलो ही नेहमीची वाढ.

घरात कुणालाच हे काळजीचे वाटले नव्हते. “वाढीचं अंग आहे पोराचं, उंच झाला की आपोआप उतरेल,” हे आजींचे मत, आणि आई-बाबांनाही ते पटण्यासारखे होते, कारण सोहम वर्गात उंचही होता. आईला मानेवरचा काळेपणा तेवढा खटकत असे. मान मळते म्हणून ती दर रविवारी घासून काढायची.

अडचण कशी समोर आली

जूनअखेर शाळेत आरोग्य तपासणी झाली. सोहमचा रक्तदाब १४६/९२ भरला. १३ वर्षे आणि त्यापुढच्या मुलांसाठी १३०/८० पासून उच्च रक्तदाबाची पहिली पायरी आणि १४०/९० पासून दुसरी पायरी धरतात. म्हणजे कागदावर मूल थेट दुसऱ्या पायरीवर होते, आणि तसे असेल तर आठवड्याच्या आत फेरतपासणी लागते. बाबांनी त्याआधीच एका प्रयोगशाळेचे ‘हार्ट पॅकेज’ करून घेतले होते. बालरोग विभागात पहिल्या भेटीला आले ते हातात फाइल घेऊनच.

उंची १५६ सेंमी, वजन ६८ किलो, बीएमआय २७.९. भारतीय बालरोग संघटनेच्या २०१५ च्या वाढ-तक्त्यात प्रौढांच्या २३ आणि २७ या बीएमआयशी जुळणाऱ्या दोन रेषा आहेत. पहिली ओलांडली की जादा वजन, दुसरी ओलांडली की स्थूलता. सोहम दुसरीच्या बराच वर. कंबर ९२ सेंमी, म्हणजे उंचीच्या ०.५९ पट, ०.५ च्या पुढे गेले की चरबी पोटात साठते आहे असे समजायचे. मान आणि काखेतली त्वचा काळी, जाडसर, मखमलीसारखी. तो मळ नव्हता. इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याची ती खूण, आणि ती घासून जात नाही.

मग रक्तदाब. शाळेत लहान मुलांचा म्हणून ठेवलेला पट्टा वापरला होता. सोहमच्या दंडाचा मध्यावरचा घेर होता ३० सेंमी. पट्ट्यातल्या हवेच्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या किमान ४० टक्के आणि लांबी ८० ते १०० टक्के असावी लागते. म्हणजे इथे १२ सेंमी रुंद पट्टा हवा होता, जो बाजारात ‘प्रौढ’ म्हणून मिळतो. पट्टा अरुंद असेल तर धमनी दाबायला जास्त हवा भरावी लागते आणि आकडा फुगतो. पाच मिनिटे शांत बसवून, पाठीला आधार, पाय जमिनीवर, उजवा दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून, योग्य पट्ट्याने आणि स्टेथोस्कोपने दोनदा मोजल्यावर सरासरी आली १३४/८४.

दुसरी पायरी पहिलीवर आली, इतकेच. पट्ट्याची चूक सापडली की ‘मग काही नाहीच’ म्हणून फाइल मिटण्याचा मोह होतो. इथे आकडा फुगला होता हे खरे, पण फुगवट्याखालचा खरा आकडाही वाढलेलाच होता.

रक्ताच्या अहवालातही असाच घोळ निघाला. ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) १४८, समोर छापील मर्यादा ‘१५० पेक्षा कमी’, म्हणून शेजारी कुठलीही खूण नाही. ती मर्यादा प्रौढांची. १० ते १९ वयात ९० च्या आत ठीक आणि १३० पासून पुढे जास्त मानतात. ‘चांगले’ कोलेस्टेरॉल एचडीएल ३६ (४० च्या खाली कमी), ‘वाईट’ कोलेस्टेरॉल एलडीएल ११२ (११० ते १२९ सीमेवर). एएलटी हे यकृताचे एन्झाइम ५८. मुलग्यांत २६ च्या पुढचे लक्षात घ्यायचे असते, म्हणजे हे दुपटीहून जास्त. सोनोग्राफीत यकृतावर चरबी. उपाशीपोटी साखर ९७, पण गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारे एचबीए१सी ५.८, आणि त्यावर ‘प्रीडायबेटिस’ (मधुमेहाच्या अलीकडची पायरी) असा ठळक शेरा. थायरॉइडला कामाला लावणारे संप्रेरक टीएसएच ६.२, म्हणजे थोडे जास्त, थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक एफटी४ मात्र योग्य.

या सगळ्यांच्या वर ठेवलेला कागद होता मानेच्या धमनीच्या सोनोग्राफीचा. धमनीच्या भिंतीच्या आतल्या दोन थरांची जाडी ०.५२ मिमी, खाली शेरा ‘वयाच्या मानाने जास्त’. बाबांचा पहिला प्रश्न याच कागदावर होता: “डॉक्टर, ब्लॉकेज सुरू झालंय का?”

धमनीत नेमके काय घडत असते

ब्लॉकेज नव्हते. पण प्रश्न अगदीच अनाठायीही नव्हता. कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या हृदयधमन्या तपासल्या गेल्या, तेव्हा सरासरी २२ वर्षांच्या त्या तरुणांपैकी ७७ टक्क्यांत धमनीविकाराच्या खुणा निघाल्या. ते निष्कर्ष १९५३ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या बोगालुसा गावी १९७० च्या दशकात मुलांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. त्यातल्या, अपघात वगैरे कारणांनी दगावलेल्या २ ते ३९ वयाच्या २०४ जणांच्या शवविच्छेदनांवरचा १९९८ चा निबंध आजही या विषयाचा पाया आहे. बीएमआय, रक्तदाब, रक्तातली चरबी, धूम्रपान यांपैकी जितके घटक एका व्यक्तीत एकत्र, तितके महाधमनी आणि हृदयधमन्यांवर चरबीचे पट्टे जास्त.

पण मुलांमध्ये त्याच्याही आधीची पायरी पाहायला मिळते. धमनीचे आतले अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करते आणि त्यामुळे धमनी गरजेप्रमाणे रुंदावते. पोटातली चरबी वाढली, इन्सुलिनची पातळी सतत चढी राहिली, शरीरात मंद दाह चालू राहिला की हे उत्पादन मंदावते. वाढलेले इन्सुलिन मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावते, शिवाय धमन्या आवळणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते. धमनी आधी कमी रुंदावते, मग ताठरते आणि भिंत जाड होते ती त्याच्याही नंतर. पहिल्या दोन पायऱ्यांवरून मागे फिरता येते. हाँगकाँगमध्ये ९ ते १२ वयाच्या ८२ जादा वजनाच्या मुलांवर झालेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहार आणि व्यायामाच्या सहा आठवड्यांत धमनी रुंदावण्याची क्षमता सुधारली, आणि ज्यांनी वर्षभर व्यायाम चालू ठेवला त्यांच्यात मानेच्या धमनीची जाडीही कमी झाली.

बाबांना त्याच वेळी आणखी एक निष्कर्ष सांगितला गेला. २०११ मध्ये चार दीर्घकालीन अभ्यास एकत्र करून ६३२८ जणांचा सरासरी २३ वर्षांचा मागोवा प्रसिद्ध झाला. लहानपणी जादा वजन होते पण मोठेपणी स्थूल राहिले नाहीत, अशांचा मधुमेह, रक्तदाब आणि धमनीविकाराचा धोका कधीच जाड नसलेल्यांइतकाच निघाला. घाबरलेल्या बापाला या एका निष्कर्षाने जितके सावरले, तितके पुढच्या कुठल्याच समुपदेशनाने नाही.

कोणत्या कागदाला किती किंमत द्यायची

खरे निर्णय इथे झाले, आणि बहुतेक निर्णय काही न करण्याचे होते.

मानेच्या धमनीची जाडी बाजूला ठेवली. या वयात ती साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते आणि स्थूल व सडपातळ मुलांमधला फरक मिलिमीटरच्या शतांशांत असतो. तपासणाऱ्याचा हात बदलला तरी तेवढा फरक पडतो. अहवालात उजवी बाजू की डावी, सरासरी की सर्वांत जाड जागा, हृदयठोक्याच्या कोणत्या टप्प्यावर मोजली, यातले काहीच लिहिलेले नव्हते. संशोधनात शेकडो मुलांच्या गटांची तुलना करायला हे मोजमाप उत्तम. एका मुलाचा उपचार त्यावर ठरत नाही. बाबांना दर सहा महिन्यांनी ती करायची होती. आकडा ०.४९ आला काय किंवा ०.५४ आला काय, पुढचे पाऊल तेच असणार, हे पटवायला दोन भेटी गेल्या.

टीएसएच ६.२ ला गोळी दिली नाही. थायरॉइड खरोखर कमी पडत असेल तर उंची खुंटते. सोहम तर वयाच्या मानाने उंच होता. साध्या स्थूलतेत मूल सहसा उंचच असते, आणि टीएसएच ५ ते १० मध्ये रेंगाळणे हा बहुधा वजनाचा परिणाम असतो, कारण नव्हे. गोळी दिली असती तर वर्षभर सगळे घर ‘थायरॉइडमुळे जाड आहे’ म्हणत राहिले असते. सहा महिन्यांनी ही तपासणी पुन्हा करायची, एवढेच ठरले.

एचबीए१सीबाबत संशय होता. हिमोग्लोबिन ११.१ आणि लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिनही कमी आले. लोह कमी असले की तांबड्या पेशी जास्त दिवस टिकतात आणि हा आकडा साखर न वाढताच चढतो. म्हणून आधी ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर पाहिली: १२८, म्हणजे १४० च्या आत. ‘प्रीडायबेटिस’चा शिक्का पुसला आणि लोहाची गोळी सुरू झाली. जाड मुलाच्या अंगात लोह कमी असू शकते हे आजींना शेवटपर्यंत पटले नाही.

एएलटीकडे दुर्लक्ष करता येत नव्हते, पण घाईही नव्हती. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचे आणि तेव्हाही दुपटीच्या वर असेल तरच हिपॅटायटिस, विल्सनचा आजार (यकृतात तांबे साठणे) वगैरेंचा शोध घ्यायचा.

रक्तदाबाच्या इतर कारणांचा शोध मर्यादित ठेवला. लघवी, क्रिएटिनिन, क्षार तपासले, चारही हातपायांचा रक्तदाब घेतला, मांडीतली नाडी चाचपली. महाधमनी जन्मतः अरुंद असेल तर इथे कळते. सगळे ठीक होते. स्थूल, घरात रक्तदाबाची परंपरा आणि वय सहाच्या पुढे, अशा मुलात तपासण्यांचा मोठा सपाटा लावून सहसा काही सापडत नाही.

उपचाराचे पर्याय

बाबांची पहिली पसंती गोळी. पहिल्या पायरीचा रक्तदाब, लक्षणे नाहीत, मधुमेह नाही, मूत्रपिंड चांगले. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला तर हृदयाच्या डाव्या कप्प्याचे वजन उंचीच्या हिशेबाने ४२ आले, मर्यादा ५१. अशा वेळी सहा महिने राहणीमानावर काम करणे रास्त. मात्र ‘बघू’ म्हणून सोडले नाही. फाइलवर लिहून ठेवले: सहा महिन्यांनी योग्य पट्ट्याने १३०/८० किंवा जास्त राहिला, इकोत बदल दिसला किंवा कधीही १४०/९० गाठला, तर औषध सुरू. अट आधी लिहिलेली असली की पुढे कुणाच्या मनाप्रमाणे ती सरकत नाही.

नात्यातल्या एका डॉक्टरांनी मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध सुचवले होते. मधुमेह नसताना वजनावर त्याचा परिणाम अगदी थोडा आणि पोटाचा त्रास ठरलेला. वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांचा प्रश्नही आला. अमेरिकेत १२ वर्षांपुढच्या मुलांसाठी लिराग्लुटाइडला २०२० मध्ये आणि सेमाग्लुटाइडला २०२२ मध्ये मान्यता मिळाली आहे, त्यामुळे प्रश्न वेडगळ नव्हता. पण तीही आहार-व्यायामाच्या जोडीने वापरायची असतात, आणि इथे तो भाग अजून सुरूच झाला नव्हता. जिममधल्या प्रशिक्षकाने सुचवलेला ‘फॅट बर्नर’ आणि भात-पोळी बंद करणारा आहार दोन्ही नाकारले. वाढत्या मुलात उपासमार उंचीला आणि स्नायूला महागात पडते.

उद्दिष्ट ठरले ते वजन घटवण्याचे नव्हे, वजन थोपवून धरण्याचे. वर्षात सहा-सात सेंमी उंची वाढणार होती. वजन ६८-६९ वर राहिले तरी बीएमआय दीड-दोनने उतरतो.

काय केले

आहारतज्ज्ञांनी रविवार धरून तीन दिवसांचे खाणे लिहून मागवले. जेवणे तशी बेताचीच निघाली. भर होती ती ‘खाल्लं’ असे कुणी म्हणतच नाही अशा गोष्टींची. सकाळच्या दुधात चॉकलेटची पावडर आणि वर दोन चमचे साखर, सोबत चार बिस्किटे. मधल्या सुट्टीत वडापाव, कारण डब्यातली भाजी परत येते. क्लासला जाताना २०० मिलीचा ‘फळांचा’ रस, ज्यात साधारण पाच चमचे साखर असते, आणि चिप्सचे पाकीट. रात्री साडेनऊला टीव्हीसमोर जेवण, अकराला फरसाणाची बरणी. दिवसाच्या उष्मांकांचा जवळपास तिसरा हिस्सा इथून येत होता, आणि मिठाचाही मोठा वाटा.

घरासाठी दोन मोजमापे निवडली. पाच माणसांच्या घरात महिन्याला तेलाचा पाच लिटरचा डबा लागत होता, म्हणजे माणशी रोज ३३ मिली. तो तीन लिटरवर आणायचा, म्हणजे माणशी २०. मिठाची किलोची पिशवी २० दिवसांत संपायची, म्हणजे माणशी १० ग्रॅम. पिशवी फोडल्याची तारीख तिच्यावरच लिहायची आणि ती किमान ४० दिवस पुरवायची. ताटातल्या कॅलरी मोजणारी घरे महिन्याभरात कंटाळतात. डबा आणि पिशवी मोजायला कुणाला आहारशास्त्र लागत नाही.

आजींची अडचण वेगळी होती. “पोराला पोटभर खाऊ नको म्हणायचं का?” त्यांना उत्तर मिळाले की भाजी, उसळ, कोशिंबीर, वरण यांना हात आखडायचा नाही, भाकरी किंवा पोळ्या दोन, भात एक वाटी, आणि पाकिटातले आठवड्यातून एकदा. हे त्यांनी मान्य केले, पण पळवाटाही निघाल्या. साखरेऐवजी गूळ आला, तितकाच. ताक आले, पण मीठ सढळ. ‘डाएट’ चिवडा आला, तळलेल्या शेंगदाण्यांसकट. दुसऱ्या महिन्यात आहारतज्ज्ञांनी आजींना आकडे न सांगता त्यांच्यासोबत किराण्याच्या यादीवर बसून या तिन्हींवर काट मारली.

बहिणीला वेगळा खाऊ ठेवायचा नाही, ही अट पहिल्या दिवसापासून होती. घरात वजनकाटा ठेवला नाही. वर्गात ‘ढोल्या’ ऐकणाऱ्या मुलाला घरीही रोज काट्यावर उभे केले की ते चोरून खायला शिकते. वजन महिन्यातून एकदा, दवाखान्यात, आकडा मोठ्याने न उच्चारता.

हालचालीचे ध्येय जागतिक आरोग्य संघटनेचेच, रोज ६० मिनिटे. सुरुवात मात्र क्लासहून चालत येण्याच्या १५ मिनिटांपासून झाली. दोरीवरच्या उड्या टाळल्या. ६८ किलो वजन गुडघ्यांवर आदळते. पहिले आठ आठवडे चालणे, जिना, आणि आठवड्यातून तीनदा भिंतीला टेकून बैठका आणि भिंतीवरचे जोर. मग शाळेतल्या सरांनी त्याला कबड्डीच्या सरावाला घेतले. किशोर गटात वजनाची मर्यादा असल्याने स्पर्धेत खेळता येणार नव्हते, पण सरावात पकडीसाठी असा गडी सगळ्यांनाच हवा होता. जाड मुलाला धावण्याच्या शर्यतीत उभे करून आपण त्याला खेळापासून तोडतो. जिथे त्याचे वजन उपयोगी पडते असा खेळ आधी द्यावा.

तिसऱ्या महिन्यात अडलेले गाडे

ऑक्टोबरच्या सुरुवातीला उंची १५८, वजन ६६.९. एएलटी ४४ वर उतरले. सगळे खूश. रक्तदाब मात्र १३१/८२. वजन उतरते आहे आणि दाब हलत नाही, या विसंगतीवर थांबणे हा या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय.

२४ तास दंडावर बांधायचे यंत्र लावले. जागेपणीची सरासरी १३२/७९, झोपेतली १२२/६९. या वयात जागेपणी १३०/८० आणि झोपेत ११०/६५ या मर्यादा धरतात. रात्री वरचा दाब किमान १० टक्क्यांनी उतरायला हवा. इथे जेमतेम साडेसात टक्के उतरला होता. रात्री न उतरणारा दाब मूत्रपिंडाकडे किंवा झोपेकडे बोट दाखवतो. मूत्रपिंड तपासून झाले होते. आईला विचारल्यावर ती म्हणाली, “घोरतो ना, बाबांसारखाच. मध्येच थांबतो, मग एकदम मोठा श्वास घेतो.” सकाळी डोके दुखणे, पहिल्या तासाला डुलक्या, हेही होते. झोपेच्या तपासणीत तासाला ६ वेळा श्वास अडत होता. प्रौढात हे सौम्य म्हणतात, मुलांत मध्यम. मुलांत तासाला एकापेक्षा जास्त म्हणजेच दोष.

टॉन्सिल मोठे, नाकामागच्या ॲडेनॉइड ग्रंथीनेही मार्ग अडवलेला. नाकातला स्टिरॉइड फवारा वापरून वाट पाहायची की शस्त्रक्रिया करायची, यात रात्रीच्या रक्तदाबामुळे पारडे शस्त्रक्रियेकडे झुकले. स्थूल मुलांत शस्त्रक्रियेनंतरही श्वास अडणे पूर्ण थांबेलच असे नाही, हे आधी स्पष्ट सांगितले. दिवाळीच्या सुट्टीत ती पार पडली.

आणि मग वजन वाढले. टॉन्सिल काढल्यावर मुलांचे वजन वाढते हे माहीत असलेले आहे. रात्रभर श्वासासाठी चाललेली धडपड थांबते, गिळणे सोपे होते. त्यात घसा दुखतो म्हणून दोन आठवडे आइस्क्रीम आणि मिल्कशेक, खेळ बंद, वर फराळ. जानेवारीत उंची १६०, वजन ७०.२. तीन महिन्यांची मेहनत वाया गेली असे घरच्यांना वाटले. पण त्याच भेटीत रक्तदाब होता १२८/७८. अटीच्या आत, थोडक्यात का होईना. औषध सुरू झाले नाही.

परिणाम

एप्रिलमध्ये २४ तासांची नोंद पुन्हा घेतली: जागेपणी १२६/७६, झोपेत १०८/६२, रात्रीची घट १४ टक्के. झोपेची फेरतपासणी केली तर तासाला २ वेळा, म्हणजे किंचित बाकी.

वर्ष पूर्ण झाले तेव्हा उंची १६३, वजन ६९.४, बीएमआय २६.१, कंबर ८८ (उंचीच्या ०.५४ पट). काट्यावर पाहिले तर मुलगा दीड किलोने वाढला होता, आणि नेमके हेच आजींना समजावणे सर्वांत कठीण गेले. ट्रायग्लिसराइड १०४, एचडीएल ४१, एलडीएल १०२, एएलटी ३१. लोह भरून निघाल्यावर एचबीए१सी ५.५. टीएसएच सहा महिन्यांनी ४.४ आले होते, गोळीविना. मानेवरचा काळेपणा फिकटला, गेला नाही.

दवाखान्यातला रक्तदाब १२४/७६. हा सुद्धा पूर्ण निर्दोष नाही. १२० ते १२९ म्हणजे वाढलेलाच, फक्त उच्च रक्तदाबाच्या अलीकडचा. स्थूलता अजून आहे. तेल साडेतीन लिटरवर अडले आहे. मिठाची पिशवी ३८ दिवस जाते.

वेगळे काय करता आले असते

घोरण्याचा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता. स्थूल मूल आणि रक्तदाब एकत्र दिसला की तीन प्रश्न पुरतात: घोरतो का, मध्ये श्वास थांबतो का, दिवसा पेंगतो का. फाइलमधल्या तयार अहवालांनी पहिली भेट खाऊन टाकली आणि इतिहास घ्यायला वेळ उरला नाही. तीन महिने त्यात गेले.

शस्त्रक्रियेआधीच पुढच्या दोन आठवड्यांचा आहार लिहून द्यायला हवा होता: गार ताक, मऊ खिचडी, वरण-भात, दही, उकडलेल्या भाज्यांचे सूप. ‘थंड आणि मऊ’ एवढेच सांगितले की त्याचा अर्थ आइस्क्रीम होतो. शिवाय दिवाळीची सुट्टी शाळा बुडू नये म्हणून निवडली. फराळाच्या दिवसांत खेळ बंद राहणार, याचा हिशेब कुणी केला नाही.

शाळेच्या बाजूने दोन गोष्टी राहिल्या. तपासणीला एकाच मापाचा पट्टा नेणे ही पहिली. तीन मापांचे पट्टे आणि दंड मोजायची साधी टेप असती तर तो १४६/९२ आणि त्यामागे आलेले पॅकेज दोन्ही टळले असते. दुसरी, उपाहारगृह. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. पालकसभेत हा नियम मांडायला सोहमच्या आईला सात महिने लागले, कारण आपल्याच मुलामुळे विषय निघाला असे कुणी म्हणू नये, ही तिची भीती होती. हे काम दवाखान्याने एका पत्राने केले असते तर तिच्यावर ते ओझे आले नसते.

औषध न देण्याच्या निर्णयावर मतभेद राहतील. जानेवारीत १२८ ऐवजी १३० भरला असता तर गोळी सुरू झाली असती, आणि दोन अंकांचा फरक तर त्याच दिवशी पुन्हा मोजल्यावरही पडतो. म्हणून अशी अट एका भेटीच्या आकड्यावर न बांधता २४ तासांच्या नोंदीवर बांधणे जास्त योग्य. इथे ती नोंद एप्रिलमध्ये झाली, जानेवारीतच व्हायला हवी होती.

पुढचा आराखडा असा: रक्तदाब दर तीन महिन्यांनी, दंड पुन्हा मोजून, कारण आता तो ३१ सेंमी आहे, रक्तातली चरबी आणि एएलटी वर्षातून एकदा, २४ तासांची नोंद पुढच्या एप्रिलमध्ये. बहिणीची कंबर आणि उंची पहिल्यांदाच मोजली, प्रमाण ०.५१ निघाले. बाबांची झोपेची तपासणी अजून व्हायची आहे.